आयात जकातीचा भार कोणावर?

परकीय मालावर जकात बसली किंवा वाढली, की आपल्याकडे एक विशिष्ट प्रकारचा आनंद प्रकट होतो. अमुक देशाची आता चांगली खोड मोडली, तमुक देशाच्या कारखानदारास आता आमच्या तिजोरीत पैसे मोजावे लागतील, अशा अर्थाची वाक्ये सभांतून आणि पेढीवरच्या गप्पांतूनही ऐकू येतात. २०२५ साली अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम २५ टक्के व ऑगस्टअखेर एकंदर ५० टक्के जकात बसविली, तेव्हा तिकडील कित्येकांस असाच हर्ष झाला. आणि इकडे आपल्यापैकी कित्येकांनी, आता हे पैसे आपणांसच भरावे लागणार, म्हणून कपाळास हात लावला. हा हर्ष आणि हा खेद दोन्ही एकाच भ्रमातून निघाले आहेत. जकात परदेशी विकणारा भरतो, असा तो भ्रम होय. वस्तुतः तो ती भरीत नाही. ज्या देशात माल उतरतो त्याच देशातला आणविणारा व्यापारी जकात भरतो, आणि पुढे तिचा भार वाहतो तो त्याचा गिऱ्हाईक.

हा वाद केवळ शब्दांचा आहे असे कोणास वाटेल, पण तो तसा नाही. जो कर आपल्या खिशातून जातो असे आपणांस ठाऊक असते, त्याचा जाब आपण विचारतो. घरपट्टी थोडी वाढली तरी नगरपालिकेच्या दारात लोक जमतात. जो कर दुसराच कोणी भरतो अशी आपली समजूत असते, त्याविषयी मात्र कोणी प्रश्न विचारीत नाही. उलट टाळ्या पडतात. यास्तव ही जकात प्रत्यक्षात कशी, केव्हा आणि कोणाच्या हातून वसूल होते, ते सामान्य वाचकांस एकदा नीट कळले पाहिजे. व्यापारी वाचकांस यातील बराच भाग पाठ असेल. त्यांनी क्षणभर धीर धरावा, त्यांच्याशीही आम्हांस पुढे दोन शब्द बोलावयाचे आहेत.

न्हावाशेव्याच्या बंदरात एखाद्या मध्यम पेढीचा एक कंटेनर उतरावयाचा आहे असे समजा. परदेशी कारखान्यातून माल निघाला, जहाजावर चढला, कागदपत्रे बँकेमार्फत आली आणि बँकेने बीजकाचे पैसे चुकते केले, की विकणाऱ्याचा संबंध बहुतेक संपतो. यापुढची सारी यातायात येथल्या मनुष्याची. जहाजावर काय काय माल आहे त्याची यादी जहाज कंपनीचा एजंट सीमाशुल्क खात्यास आगाऊ देतो. आणि आणविणाऱ्याने आपल्या मालापुरते ‘बिल ऑफ एन्ट्री’ नावाचे पत्रक भरावयाचे असते. बहुधा त्याचा क्लिअरिंग एजंट ते भरतो. २०२१ सालच्या दुरुस्तीने हे पत्रक जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरले पाहिजे असे ठरले, व उशिराबद्दल पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये असा आकार ठरविण्यात आला. या पत्रकावर नाव असते ते आयात-निर्यातीचा दहा अक्षरी संकेतांक ज्याच्याजवळ आहे अशा येथल्याच पेढीचे. परदेशी कारखानदाराचे नाव त्यात येते खरे, पण ते माल कोठून आला एवढे सांगण्यापुरते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने जकातीचा देणेकरी धरला आहे तो माल सोडवून घेणारा.

क्वचित असा करार होतो की, जकातीसह सर्व खर्च विकणाऱ्याने सोसून माल दाराशी आणून द्यावा. पण असा विकणारा ती रक्कम आधीच आपल्या किंमतीत मिळवून बसलेला असतो, हे कोणाही व्यवहारी मनुष्यास सांगावयास नको.

आता जकात कशावर आकारतात ते पाहा. बीजकातल्या किंमतीवर ती आकारतात असा सर्वसाधारण समज आहे, पण बीजकाची किंमत ही केवळ सुरुवात होय. तीत जहाजभाडे मिळवितात, विम्याचा हप्ता मिळवितात. आणि हे आकडे निश्चित सांगता येत नसतील तर भाड्याबद्दल मालाच्या किंमतीच्या २० टक्के व विम्याबद्दल १.१२५ टक्के सरकार आपल्या हिशेबाने धरते. २०१७ सालापर्यंत माल उतरविण्याच्या खर्चाबद्दल आणखी एक टक्का धरीत असत. परकीय नाण्याचे रुपये करावयाचे ते व्यापाऱ्याने बँकेस ज्या हुंडणावळीने दिले तिने नव्हे, तर सरकारने जाहीर केलेल्या दराने. म्हणजे मालाने समुद्रावर जो प्रवास केला त्या प्रवासावरही जकात पडते. लांबच्या देशाहून आलेला माल जवळच्या मालापेक्षा याच कारणाने थोडी अधिक जकात देतो, आणि जहाजभाडी कडाडली की दर न वाढवताही सरकारचे उत्पन्न वाढते.

या किंमतीवर प्रथम मूळ जकात, १९७५ च्या दरपत्रकाप्रमाणे. मूळ जकातीवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, तो २०१८ पासूनचा. काही मालावर २०२१ पासून कृषी पायाभूत विकास उपकर. आणि या सर्वांची बेरीज करून तिच्यावर एकात्मिक वस्तू व सेवा कर. उदाहरणार्थ, मालाची आकारणीची किंमत १,००,००० रुपये आणि मूळ जकात १० टक्के धरली, तर जकात १०,००० रुपये. अधिभार १,००० रुपये. मग १,११,००० रुपयांवर १८ टक्के कर, म्हणजे १९,९८० रुपये. एकूण ३०,९८० रुपये हातावर ठेवल्यावाचून लाखाचा माल गोदीच्या फाटकाबाहेर पडत नाही. यांपैकी १९,९८० रुपये नोंदलेल्या व्यापाऱ्यास पुढील कराच्या हिशेबात वजा मिळतात. पण जकात व अधिभार यांचे ११,००० रुपये त्यास कोठूनही परत मिळत नाहीत. ते मालाच्या अंगी लागतात.

हे पैसे केव्हा भरावयाचे? २०११ पासून जकातीची आकारणी व्यापाऱ्याने स्वतःच करावयाची असून खाते तीवर नजर ठेवते. ज्या दिवशी अशी आकारणी करून पत्रक सादर केले त्याच दिवशी पैसे भरले पाहिजेत. अधिकाऱ्याने आकारणी बदलून पत्रक परत पाठविले तर सुटी सोडून एका दिवसाच्या आत. पुढे व्याज सुरू होते, ते दरसाल १५ टक्क्यांनी. रोख रकमेची थैली घेऊन कस्टम हाउसच्या पायऱ्या चढण्याचे दिवस गेले. पैसे आता संगणकावरून ‘आइसगेट’च्या खात्यात जातात आणि पावती क्षणात उमटते. पैसे पोचले, तपासणीची हरकत राहिली नाही, म्हणजे माल सोडण्याचा हुकूम निघतो. तोवर बंदराचे साठवणभाडे व जहाज कंपनीचे कंटेनरभाडे वाढत असते. माल उतरल्यापासून तीस दिवसांत सोडविला नाही, तर नोटीस देऊन तो विकून टाकण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. ज्यास लगेच पैसे भरणे शक्य नाही त्याने माल बाँडच्या गोदामात ठेवावा, अशी सोय आहे. पण त्यासाठी जकातीच्या तिप्पट रकमेचा मुचलका लिहून द्यावा लागतो.

येथे एक गोष्ट बोलून दाखविल्यावाचून आम्हांस राहवत नाही. २०१६ सालच्या नियमांनी काही निवडक आयातदारांस जकात उधार ठेवण्याची सवलत दिली. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सुटलेल्या मालाची जकात १६ तारखेस, दुसऱ्या पंधरवड्याची पुढील महिन्याच्या १ तारखेस, आणि मार्चअखेरची मात्र ३१ मार्चलाच, असा तो हिशेब ठरला. सवलत चांगली आहे. पण ती मिळण्यास ‘प्राधिकृत आर्थिक परिचालक’ असा लांबलचक किताब, आणि तोही वरच्या पायरीचा, मिळवावा लागतो. त्यासाठी हिशेबाची, सुरक्षिततेची आणि पूर्वीच्या वर्तनाची जी कागदपत्रे जुळवावी लागतात, ती जुळविण्यास मोठ्या कंपनीत एक स्वतंत्र खाते असते. मस्जिद बंदरच्या गाळ्यात दोन गुमास्ते ठेवून धंदा करणाऱ्यास ते कोठून असणार? परिणाम असा की, ज्यास बँक हसतमुखाने कर्ज देते त्यास सरकारही उधार देते. आणि ज्यास जकात भरण्यासाठी बाजारातून व्याजाने पैसे काढावे लागतात, त्याच्याकडून सरकार रोख मागते. हे व्याजही अखेर मालावरच चढते. हमीची रक्कम घ्यावी, मर्यादा घालावी, पण पाच वर्षे बिनतक्रार जकात भरलेल्या लहान पेढीस ही पंधरवड्याची सवलत आपोआप मिळावी, असे आमचे मत आहे.

दर कोणत्या दिवसाचा धरावयाचा, हा प्रश्नही वाटतो तितका साधा नाही. नियम असा की, पत्रक सादर केल्याचा दिवस आणि जहाजास बंदरप्रवेश मिळाल्याचा दिवस या दोहोंपैकी जो नंतरचा, त्या दिवसाचा दर. म्हणून शहाण्या व्यापाऱ्याने जहाज समुद्रात असतानाच पत्रक भरून ठेवले, तरी मधल्या काळात दर वाढला तर वाढीव दरच त्याच्या माथी बसतो. १३ सप्टेंबर २०२४ च्या अधिसूचनेने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील एकूण जकात साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेली, आणि तिचा अंमल दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. १३ तारखेस बंदरप्रवेश झालेले जहाज व १४ तारखेस झालेले जहाज, दोन्हींतले तेल एकाच बाजारात, एकाच भावाने घेतलेले असले, तरी जकातीत लाखामागे २२,००० रुपयांचा फरक पडला.

याहून बोलका दाखला अटारीच्या नाक्याचा आहे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर एकदम २०० टक्के जकात बसविण्यात आली. अधिसूचना प्रसिद्ध झाली ती रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी. तत्पूर्वीच त्या दिवशी माल नाक्यावर येऊन पत्रके भरली गेली होती. खात्याचे म्हणणे पडले की, तारीख एकच, तेव्हा दर नवा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये निकाल झाला की, अधिसूचना ज्या क्षणी प्रसिद्ध झाली त्यापूर्वी भरलेल्या पत्रकांस ती लागू होत नाही. न्यायालयाने घड्याळातला सेकंदही मोजला, हे योग्यच झाले. आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते दुसरीकडे. ही जकात पाकिस्तानास धडा शिकविण्यासाठी म्हणून बसविली होती. पण दीड वर्ष न्यायालयात भांडत होते ते भारतीय व्यापारी आणि भारत सरकार. ज्यास धडा द्यावयाचा होता त्याच्याकडे कोणी एक पैसाही मागितला नव्हता, कारण कायद्याने त्याच्याकडे मागण्याची सोयच नाही.

व्यापाऱ्याने भरलेली जकात पुढे गिऱ्हाइकावर जाते यास पुरावा काय, असे कोणी विचारील. पुरावा सराफकट्ट्यावर आहे. २३ जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकात सोन्यावरील जकात १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर झाले, आणि त्याच दिवशी सोन्याचा भाव खाली आला. जगाच्या बाजारात सोने त्या दिवशी एकाएकी विपुल झाले नव्हते. कमी झाला होता तो भावात दडलेला सरकारचा वाटा. त्याच वर्षी सप्टेंबरात तेलाची जकात वाढली, तेव्हा सरकारनेच तेलवाल्यांच्या संघांस सांगितले की, जुन्या जकातीने आलेला साठा संपेपर्यंत छापील किंमती वाढवू नयेत. साठा संपल्यावर वाढतील, हे यात कबूलच झाले की नाही? आणि दिवाळी दीड महिन्यावर आलेली असताना घरोघरच्या कढईत हा अनुभव आला.

पुढे मे २०२५ अखेरीस कच्च्या तेलावरील एकूण जकात साडेसोळा टक्क्यांवर उतरविण्यात आली, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. पण सप्टेंबरातली वाढ ज्या कारणासाठी सांगितली गेली होती, ते कारण सोयाबीन पिकविणाऱ्याचे हित हे होते. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता, आणि मराठवाडा-विदर्भाच्या बाजारांत भाव बव्हंशी त्याखालीच रेंगाळत राहिला. म्हणजे लातूरच्या शेतकऱ्यासाठी म्हणून पुण्याच्या गृहिणीकडून घेतलेला पैसा लातुरास पुरतेपणी पोचला नाही. मधल्या मध्ये तो किती व कोठे राहिला, हे विचारण्याचा अधिकार त्या गृहिणीस आहे. परंतु आपण काही दिले आहे, हेच तिला ठाऊक नाही.

आमच्या या लिहिण्यावरून आम्ही संरक्षक जकातीचे वैरी आहो, असा तर्क कोणी करू नये. परक्या मालाच्या लोंढ्यापुढे देशी धंदा टिकावा म्हणून जकातीची भिंत घालणे हे राजनीतीस धरूनच आहे. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास पत्र लिहून बारदेशाहून येणाऱ्या मिठावर जबर जकात घेण्याची आज्ञा केली. हेतू हा की, पोर्तुगीजांच्या मुलखातले मीठ संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावे आणि व्यापारी स्वराज्यातल्या मिठागरांकडे वळावेत. या आज्ञेत कसलाही आडपडदा नाही. मीठ महाग होणार हे तीत गृहीत धरलेले आहे, किंबहुना महाग होणे हाच तीमधला उपाय आहे. जकातीने परकी माल घेणाऱ्यास महाग पडला नाही तर देशी मालाचे संरक्षण होणार तरी कसे? तेव्हा ‘जकात परदेशी भरतो’ आणि ‘जकातीने देशी धंद्यास संरक्षण मिळते’ ही दोन वाक्ये एकाच तोंडून निघू लागली, की त्यांपैकी एक तरी खोटे आहे असे समजावे.

परदेशी विकणाऱ्याचे काहीच नुकसान होत नाही, असेही आमचे म्हणणे नाही. नुकसान होणे निराळे आणि जकात भरणे निराळे. महाग मालास गिऱ्हाईक कमी, म्हणून विकणाऱ्याचा खप घटतो; कधी खप टिकविण्यासाठी तो आपला भाव थोडा उतरवितो, आणि तेवढा भार त्याच्यावर पडतो. २०२५ साली अमेरिकेतील आयातदारांनी आमच्या निर्यातदारांकडे सूट मागितली, ती याच न्यायाने. १८९६ साली विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवताना येथल्या गिरण्यांच्या कापडावरही तितकाच अंतर्गत कर बसविला गेला, तो लँकेशायरच्या ओरडीमुळे. लँकेशायर ओरडत होते ते जकात त्यांना भरावी लागे म्हणून नव्हे, तर जकातीमुळे मुंबईच्या गिरणीस थोडीशी उसंत मिळाली असती म्हणून. विलायती धोतरावरची जकात धोतर नेसणाराच देत होता. आणि त्या अन्यायी करामुळे देशी गिरणीचे धोतर नेसणारासही ती द्यावी लागू लागली. तो कर काढून टाकण्यास १९२५ साल उजाडावे लागले.

आता कायद्याकडे वळू. कारण कायदेमंडळास हे सारे पूर्वीच कळून चुकले आहे. १९९१ साली सीमाशुल्क कायद्यात दोन कलमे घालण्यात आली. त्यांतले २८ ड हे कलम म्हणते की, ज्याने जकात भरली त्याने ती संपूर्णपणे माल घेणाऱ्यावर टाकली आहे असे समजले जाईल, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्याच शिरावर राहील. वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. ज्या सरकारचे पुरस्कर्ते सभेत परदेशी भरतो म्हणून सांगतात, त्याच सरकारच्या कायद्याचे गृहीत असे आहे की, गिऱ्हाईक भरतो.

हे गृहीत केवळ शोभेचे नाही. आकारणीत चूक होऊन जकात जास्त घेतली गेली आणि व्यापाऱ्याने परतावा मागितला, तर त्यास प्रथम हे दाखवावे लागते की, आपण ती रक्कम गिऱ्हाइकाकडून वसूल केली नव्हती. दाखविता आले नाही, तर रक्कम ग्राहक कल्याण निधीत जाते. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी मफतलाल इंडस्ट्रीजच्या प्रकरणात हे तत्त्व उचलून धरले: दुसऱ्याच्या पैशाने कोणी धनवान होऊ नये. तत्त्व निर्दोष आहे. पण ज्या गिऱ्हाइकाने तो पैसा दिला, त्याच्या हाती काय आले? कायदा म्हणतो, ज्याने भार प्रत्यक्ष सोसला तोही परतावा मागू शकतो, खरेदीपासून एक वर्षाच्या आत. मागू शकतो खरा; परंतु आपण सोसलेली जकात किती, हे ज्यास कोणी सांगितले नाही, त्याने अर्जात आकडा कोणता लिहावा?

याचे उत्तर कायद्याने दुसऱ्या कलमात, म्हणजे २८ क मध्ये, देऊन ठेवले आहे. माल सोडविताना आणविणाऱ्याने आकारणीच्या कागदांत, विक्रीच्या बीजकात व तत्सम कागदांत जकातीची रक्कम ठळकपणे दाखविली पाहिजे, असे ते कलम सांगते. वाचकांपैकी किती जणांनी आजवर दुकानातल्या बिलावर अशी रक्कम पाहिली आहे, ते त्यांनीच आठवून पाहावे. बिलावर वस्तू व सेवा कराचा पैसा अन् पैसा असतो; जकातीचे नावही नसते. कारण हे कलम बंदरावरून माल सोडविणाऱ्यास बांधते. त्याच्याकडून घेणारा घाऊक व्यापारी, त्याच्याकडून घेणारा किरकोळ दुकानदार यांस ते बांधीत नाही. पहिल्या विक्रीबरोबर आकडा नाहीसा होतो, भार मात्र पुढे चालतो. वेष्टनावर छापलेली किंमत ‘सर्व करांसह’ असते, आणि त्या दोन शब्दांच्या पोटात सर्व काही गडप होते. परदेशी टपालाने एखादे पुस्तक वा यंत्राचा सुटा भाग मागविणारा आणि पोस्टमनच्या हाती जकात मोजून देणारा, असा एक गिऱ्हाईक सोडला, तर आपण जकात दिली हे डोळ्यांनी पाहणारा दुसरा मनुष्य आमच्या आढळात नाही.

हा भार पुढे चालताना फुगतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. वरच्या उदाहरणातला माल पेढीस पडला १,११,००० रुपयांस. जकात नसती तर पडला असता १,००,००० रुपयांस. पेढीने खर्च व नफा मिळून शेकडा २० चढविले आणि त्यावर १८ टक्के कर लागला, तर गिऱ्हाइकास माल १,५७,१७६ रुपयांस मिळतो; जकातीवाचून तो १,४१,६०० रुपयांस मिळाला असता. फरक १५,५७६ रुपये. सरकारने जकात घेतली ११,००० रुपये, जकातीवर व्यापाऱ्याचा नफा चढला २,२०० रुपये, आणि या दोहोंवर सरकारने पुन्हा कर घेतला २,३७६ रुपये. मध्ये आणखी एक घाऊक व्यापारी असला, तर हा आकडा याहून वाढतो.

व्यापारी बंधूंस या वाढीबद्दल दोष देण्याचा आमचा हेतू नाही. जकातीत त्यांचे भांडवल अडकते, तेव्हा तेवढ्या भांडवलावर त्यांनी नफा धरावा हे धंद्याच्या रीतीस सोडून नाही. पण महागाईचा बोल लागतो तो त्यांनाच. तेलाचा डबा महागला की शिव्या खातो तो वाणी. ज्या कलमाने तो महागला ते कलम दिल्लीत चालले, हे कोणी पाहात नाही. म्हणून जकातीचा आकडा उघड करण्यात गिऱ्हाइकाइतकेच दुकानदाराचेही हित आहे.

यावर एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. जकातीची रक्कम छापली, म्हणजे आमची खरेदी किंमत चव्हाट्यावर आली. मग आमचा नफा शेजारचा दुकानदार आणि दारातला गिऱ्हाईक दोघेही मोजून दाखवितील, असे व्यापारी म्हणतील. आक्षेप रास्त आहे. त्यास तोड ही की, रक्कम छापू नये, दर छापावा. आयात केलेल्या बंद मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव व पत्ता छापण्याची सक्ती आजही आहे. त्याच चिठ्ठीवर ‘जकात व अधिभार ११ टक्के’ एवढी एक ओळ अधिक पडली, तर कोणाचीही खरेदी किंमत उघडी पडत नाही, आणि गिऱ्हाइकास कळावयाचे ते कळते. परदेशी विकणाऱ्याने भाव उतरवून थोडा भार सोसला असला, तरी ही ओळ खोटी ठरत नाही. परदेशी सुटे भाग आणून येथे जुळविलेले यंत्र, किंवा देशी व परकी तेल मिसळून भरलेली बाटली, यांच्या बाबतीत हिशेब किचकट होईल हे आम्ही जाणतो. तेथे घाई करू नये. जो माल परदेशातून तयार वेष्टनात येतो आणि तसाच विकला जातो, त्यापासून प्रारंभ करावा.

यासाठी नवे खाते नको, नवा अधिकारी नको, व्यापाऱ्यास नवे पत्रकही भरावयास नको. दराचा आकडा बिल ऑफ एन्ट्रीवर प्रत्येक मालापुढे आजच लिहिलेला असतो. तो तेथून चिठ्ठीवर उतरवावयाचा आहे. वेष्टनासंबंधीच्या २०११ च्या नियमांत एका पोटकलमाची भर घालणे हे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या हातचे काम असून, त्यास संसदेच्या बैठकीची वाट पाहावी लागत नाही. मुंबईच्या व्यापारी मंडळांनी व ग्राहकांच्या संस्थांनी मिळून एकच अर्ज त्या खात्याकडे धाडावा, आणि त्यात लहान आयातदारांच्या पंधरवड्याच्या उधारीची मागणी अर्थखात्यासाठी वेगळी जोडावी, अशी आमची त्यांस विनंती आहे.